ऑइल वाढत होतं

२०२५च्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी आमची डिझेल गाडी शिवडीहून सागरी सेतूवर चढली. स्टिअरिंगवर बाबा होते, वय बहात्तर. मागच्या सीटवर आई. मी बाबांच्या शेजारी बसले होते. माझ्या हातातला मोबाइल स्टिअरिंगखाली लावलेल्या छोट्या स्कॅनरला जोडलेला होता आणि त्याच्या स्क्रीनवर तीन आकडे दिसत होते. एक्झॉस्टचं तापमान २१२ अंश. सफाई चालू आहे की नाही, यासमोर शून्य, म्हणजे नाही. आणि एक्झॉस्टच्या पाइपातल्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी, ८४ टक्के.

हा तिसरा आकडा सोमवारी सकाळपर्यंत वीसच्या खाली आला नाही, तर दहा वाजता गाडी विकत घेणारा माणूस ती बघायला येणार होता. माझ्या भावाने त्याला वेळ देऊन ठेवली होती. ही गाडी गेली की दुसरी येणार नव्हती. बाबांचं गाडी चालवणं तिथेच संपणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

गाडी पाच वर्षांपूर्वी घेतली, ती इंजिनासाठी. शोरूममध्ये आम्ही सीटचं कापड आणि गाण्यांचा स्क्रीन पाहत होतो. बाबांनी बॉनेट उघडायला लावलं. १,४८९ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, कॉमन रेल, टर्बो. चार हजार आरपीएमला १०२ हॉर्सपॉवर. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २४० न्यूटन मीटर, आणि ती दीड हजार आरपीएमपासून पूर्ण मिळते. कॉम्प्रेशन सोळाला एक. ऑइल ५.२ लिटर. लालबागच्या आमच्या चाळीत हे आकडे कोणी विचारले नाहीत तरी बाबा सांगत. 'दीड हजारापासून' म्हटल्यावर ते जरा थांबत, समोरच्याला त्यातलं महत्त्व कळावं म्हणून. समोरचा बहुतेक वेळा मान हलवून पेपरकडे वळे.

बाबा बत्तीस वर्षं बस डेपोत डिझेल फिटर होते. पहिली बस सुटायच्या आधी तिथे सगळ्या बस एका रांगेत सुरू करून ठेवत. बसचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवेचा दाब भरल्याशिवाय बस जागची हलवायची नाही, असा नियम होता. दहा मिनिटं इंजिन उभ्यानेच चालायचं, दाबाचा काटा वर यायचा, मग बस सुटायची. आमच्या गाडीला हवेचे ब्रेक नाहीत, हे बाबांना अर्थातच माहीत होतं. पण सकाळी डिझेल इंजिन दहा मिनिटं उभ्याने चाललं नाही, तर त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. रोज साडेसहाला ते खाली उतरत, किल्ली फिरवत, बॉनेट उघडून आवाज ऐकत आणि दहा मिनिटांनी इंजिन बंद करून वर चहाला येत.

गाडी उभ्यानेच चालवायला दुसरंही कारण होतं. चाळीच्या चौकात नऊ गाड्या मावतात आणि गाड्या आहेत तेवीस. जागा कोणाच्या नावावर नाही. जो उभा आहे, त्याची. गाडी हलली की जागा गेली. त्यामुळे आठवड्यातून एकदा दादरच्या भाजी मार्केटपर्यंत जाऊन येणं, तेही जागा धरायला आईला चौकात उभं करून, आणि गणपतीला कणकवलीजवळच्या गावी जाणं, एवढाच तिचा प्रवास. बाकी सगळं धावणं जागच्या जागी.

रविवारी बाबा डिपस्टिक काढून पुसत, परत घालून काढत आणि शेजारच्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना दाखवत. त्यांची पेट्रोल गाडी ऑइल पीत असे. "बघा," बाबा म्हणत, "एक थेंब खाल्ल्यान नाय. उलट वाढता." ऑगस्टात सर्व्हिसिंग झालं तेव्हा ऑइल दोन खुणांच्या मध्ये होतं. दिवाळीत वरच्या खुणेला आलं. जानेवारीत खुणेच्या वर बोटभर. शेजारी चष्मा लावून पाहत आणि जर्मनीतल्या कुठल्याशा इंजिनाशी तुलना करत. मीही ती डिपस्टिक अनेकदा पाहिली होती. नवल वाटलं होतं, शंका आली नव्हती.

त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. बुधवारी दादरहून परतताना परळच्या पुलावर गाडी चढेना. बाबांनी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी काटा अडीच हजाराच्या पुढे जात नव्हता. मागच्या टॅक्सीवाल्याने पूर्ण पूलभर हॉर्न दिला. सर्व्हिस सेंटरने फोनवर दहा दिवसांनंतरची वेळ दिली आणि दिव्याचं वर्णन ऐकून बहुधा फिल्टरच बदलावा लागेल, असं सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी भाऊ ठाण्याहून आला. त्याने बूट काढायच्या आधीच विषय काढला.

"बाबा, आता पुरे. गावी जाताना कशेडीच्या घाटात अशी बसली असती तर?"

"कशेडीक आता बोगदो आसा."

"मुद्दा बदलू नका."

"मी खंय बदललंय? घाट तू काढलंस."

भाऊ माझ्याकडे वळला आणि मी नेहमीसारखी त्यांच्याच बाजूने बोलणार असेन तर आधीच सांगावं, म्हणाला. मी फक्त विचारलं की गाडीला नक्की काय झालंय हे कोणी पाहिलंय का. कोणीच पाहिलं नव्हतं. तासभर बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: शुक्रवारी मेकॅनिक बघेल. सोमवारी सकाळी नऊला दिवा विझलेला असेल आणि मेकॅनिक गाडी धड आहे म्हणाला, तर गाडी राहील. नाहीतर दहाला माणूस येईल. बाबांनी "चलात" म्हटलं आणि ते जेवायला बसले.

मेकॅनिकचं गॅरेज परळला. चाळिशीचा माणूस, बाबांना काका म्हणायचा, आणि जुन्या फिटरच्या इंजिनाला हात लावतोय म्हणून जरा जपून बोलत होता. शुक्रवारी सकाळी सातला त्याने चौकात स्कॅनर जोडला. काजळी ८४ टक्के. त्याने बॉनेट उघडून डिपस्टिक काढली आणि बराच वेळ पाहिली.

"काका, वरून ऑइल टाकलंत?"

"नाय."

"मग हे वाढलं कुठून?"

बाबांच्या वतीने तिथे उभ्या असलेल्या शेजाऱ्यांनीच माहिती दिली. "ते वाढतंच," ते म्हणाले. "दिवाळीपासून वाढतंय."

मेकॅनिकने डिपस्टिक बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती नाकाजवळ नेली. मग ऑइल अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळलं, बोटं दोन-तीनदा उघडली, मिटली. ऑइल तार धरत नव्हतं.

"डिझेल आसा ह्यां," ते म्हणाले.

पुढची वीस मिनिटं मेकॅनिक बोलत होता आणि बाबा विचारत होते. नवीन डिझेल गाड्यांचा धूर बाहेर पडण्याआधी एका फिल्टरमधून जातो. काजळी त्यात अडकते. फिल्टर भरत आला की गाडीचा कॉम्प्युटर तो जाळून साफ करायला घेतो. त्यासाठी तो सिलिंडरमध्ये नेहमीच्या वेळेनंतर पुन्हा थोडं डिझेल मारतो.

"पॉवर स्ट्रोक झाल्यार?" बाबांनी मध्येच विचारलं. इंधन पेटून पिस्टनला खाली ढकलतं, तो हा स्ट्रोक.

"उशिरा. पिस्टन खाली जात असताना. ते आत जळायलाच नको काका, पुढे एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटायला पाहिजे. फिल्टर सहाशे डिग्रीला तापतो, काजळीची राख होते. पण त्याला वीस मिनिटं न थांबता रस्ता लागतो."

रस्ता मिळाला नाही, मधेच इंजिन बंद झालं, तर ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. दर आठवड्याला दादरला जाताना गाडी सफाई सुरू करत होती आणि घरी पोहोचून बाबा ती बंद करत होते. किल्ली काढल्यावरही पंखा चालू राहतो, ही बाबांची जुनी तक्रार होती. तो पंखा अर्धवट राहिलेल्या सफाईची गरमी उडवत होता. आणि रोज सकाळची दहा मिनिटं? मेकॅनिकने इथे शब्द शोधले. थंड इंजिन उभ्याने चाललं की काजळीच तयार होते, दुसरं काही नाही, असं त्याने सांगितलं.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आई हे सगळं ऐकत होती. "बत्तीस वर्सां डेपोत धूर काढल्यात," ती वरून म्हणाली, "आता डब्यात भरून ठेवल्यात."

चौक हसला. बाबाही हसले, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांनी मेकॅनिकला तो उशिरा मारलेल्या डिझेलचा भाग पुन्हा सांगायला लावला. डिझेल मारणारा नोझल एका फेऱ्यात किती वेळा उघडतो, ते विचारलं. डेपोत नोझल एका फेऱ्यात एकदाच उघडत असे. इथे चार-पाचदा उघडतो, हे कळल्यावर ते डिझेल पुरवणाऱ्या रेलच्या पाइपाकडे पाहत राहिले. "धूर जाळूक डिझेल," ते स्वतःशी म्हणाले. मंगळवारनंतर त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला होता. आपण पाच वर्षं काय चुकीचं केलं, यापेक्षा हे कोणीतरी असं बनवलंय, याचंच त्यांना जास्त वाटत होतं.

मेकॅनिकला धोका दुसरीकडे दिसत होता. या जातीच्या इंजिनांच्या ठरलेल्या तक्रारी असतात. धूर परत आत फिरवणारा व्हॉल्व्ह काजळीने चिकटतो, टर्बोच्या आतल्या हलत्या पात्या जाम होतात. पण पातळ ऑइल सगळ्यात वाईट. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो फक्त ऑइलच्या पडद्यावर तरंगत असतो. ऑइल फारच वाढलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं, मग किल्ली बंद करूनही थांबत नाही. हे ऐकून बाबांनी एकदाच मान हलवली. डेपोत त्यांनी असं एक इंजिन पाहिलं होतं.

मेकॅनिकने स्कॅनरवरून टर्बोच्या पात्या उघडमिट करून पाहिल्या. त्या हलत होत्या. म्हणजे अजून वेळ होता.

शनिवारी सकाळी बाबांनी स्वतः ऑइल उतरवलं. भरलं होतं ५.२ लिटर, निघालं साडेसहा. त्यांनी ते घरातल्या लिटरच्या मापाने मोजलं, ते माप आईने परत घरात घेतलं नाही. नवं ऑइल, नवा ऑइल फिल्टर. राहिली काजळी, आणि ती वीसच्या खाली उतरल्याशिवाय दिवा विझणार नव्हता. गाडी उभी ठेवूनही ती जाळता येते, पण सहाशे अंशाचा पाइप आणि त्याला टेकून उभ्या असलेल्या स्कूटर, यामुळे मेकॅनिक चौकात ते करायला तयार नव्हता. त्याला सलग रस्ता हवा होता, सिग्नल नको, खड्डे नकोत. बाबांनी लगेच सागरी सेतूचं नाव घेतलं. बावीस किलोमीटर, एकही सिग्नल नाही. सेतू सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि घरापासून तो दहा मिनिटांवर होता. बाबा त्यावर एकदाही गेले नव्हते, कारण परत आल्यावर गाडी लावायची कुठे?

त्यासाठी तळमजल्यावरच्या काकूंनी आपण जागा धरतो म्हणून सांगितलं. रविवारी पहाटे गाडी निघाली आणि काकूंनी रिकाम्या जागेत चटया पसरून मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या. त्यावर स्कूटर घालायची कोणाची छाती नव्हती.

तर सहा बावन्न. बाबांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवली. पाचवा, सहावा घेतला की फेरे उतरतात आणि एक्झॉस्ट तापत नाही. वेग ऐंशी, काटा बावीसशेच्या वर. इंजिनावर ओझं वाढावं म्हणून एसी पूर्ण, हेडलाइट चालू, मागची काच तापवायचं बटणही चालू. आईने शाल गुंडाळून घेतली.

"एसी कशाक? थंडी वाजता."

"लोड व्हयो."

"माका उतरवल्यात तर कमी होतलो?"

मी दर मिनिटाला आकडे वाचत होते. २६०. शून्य. ८४. ३०५. शून्य. ८४. मेकॅनिकने बजावलं होतं: दहा मिनिटांत सफाई सुरू झाली नाही, तर कॉम्प्युटरने नकार दिला असं समजायचं आणि परत यायचं. सहा सत्तावन्नला तापमान ३३८ होतं आणि शून्य शून्यच होतं. समोर आभाळ उजळत होतं. आईने चिखलात फ्लेमिंगो दिसतायत असं सांगितलं. कोणी पाहिलं नाही.

सहा एकोणसाठला बाबा म्हणाले, "लागली."

मी स्क्रीनकडे पाहिलं. शून्याच्या जागी एक आला होता. त्यांनी ते आवाजावरून ओळखलं होतं. मला आवाजात फरक कळला नव्हता.

पुढची चार मिनिटं मी आकडे वाचत नव्हते, ओरडत होते, हे नंतर आईने सांगितलं. ४३०. ५२०. ५९०. ६१८. काजळी जागची हलेना. ८४, ८४, ८४. समोर एक टूरिस्ट बस साठच्या वेगाने चालली होती. बाबांनी पाय न उचलता आरसा पाहिला, लेन बदलली आणि बसच्या बाजूने निघून गेले. सात वाजून तीन मिनिटांनी ८३. मग ८०. मग ७५. बाबांचा उजवा पाय मी पाहत होते. बावीस किलोमीटर तो एकाच कोनात होता.

सेतू संपताना काजळी ५२ होती. पुढे टोलच्या कमानीपाशी गाड्या हळू झाल्या. वेग चाळीसवर आला, तापमान ५४० पर्यंत पडलं. इथे सफाई तुटली असती तर पुन्हा केव्हा लागेल, लागेल की नाही, याची खात्री मेकॅनिकनेही दिली नव्हती. बाबांनी तिसरा गिअर घेतला, मग दुसरा. गाडी चाळीसने सरकत होती आणि इंजिन अडीच हजारावर ओरडत होतं. शेजारच्या गाडीतल्या बाईने काच खाली करून आमच्याकडे पाहिलं. सफाईचा आकडा एकवरच राहिला.

पनवेलच्या रस्त्याला लागल्यावर कंटेनर तुरळक होते. ४४. ३६. ३१. मला आता आपणहून वाचायची गरज नव्हती, बाबा दर अर्ध्या मिनिटाला "किती?" विचारत होते. २५. २२. सात एकवीसला १९. सात चोवीसला १४, आणि सफाई पुरी होऊन एकाचा शून्य झाला. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला.

"विझलो," आई मागून म्हणाली. तिने तो माझ्या आधी पाहिला होता.

बाबांनी एका चहाच्या टपरीशी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला आणि इंजिन चालूच ठेवलं.

"परत उभ्याने?" आईने विचारलं.

"दोन मिन्टां. टर्बो गरम आसा, ऑइल फिरूक व्हया."

"ही दोन खरी की ती दहा?"

"ही," बाबा म्हणाले आणि घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाल्यावर त्यांनी किल्ली फिरवली. पंखा चालू राहिला नाही.

सोमवारी सकाळी पावणेनऊला मेकॅनिक आला. इंजिन पूर्ण थंड होतं. त्याने ते सुरू केलं. दिवा लागला नाही. ऑइल दोन खुणांच्या मध्ये होतं. त्याने गाडी परळच्या पुलावरून नेऊन आणली, काटा साडेतीन हजारापर्यंत गेला. काजळी १६ टक्के. भावाचा फोन आला, त्याने तो स्पीकरवर घ्यायला सांगितलं आणि गाडी गावाला पोचेल का, असं थेट मेकॅनिकला विचारलं.

"पोचेल. दोन महिन्यांनी ऑइल परत बदलायचं. आठवड्यातून एकदा सेतूवर न्यायची, अर्धा तास. आणि सकाळचं उभ्याने चालवणं बंद."

भावाने विचारलं, "बाबा, ऐकलंत?"

"बंद," बाबा म्हणाले.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी भावाने त्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं.